नकाशावरचे लेबल: लावावे, दाखवावे की लिहावे?

प्रश्न

क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-प्रणालीच्या वापराची माहिती मराठीत लिहिताना एका शब्दापाशी अडलो आहे. गावाच्या बिंदूशेजारी जे नाव उमटते त्याला ‘लेबल’ असेच म्हणावे, की ‘नामपट्टी’ किंवा ‘नामनिर्देश’ असा एखादा शब्द घ्यावा? तसेच ते नकाशावर आणणे आणि नंतर बदलणे या क्रियांसाठी ‘जोडणे’ व ‘संपादित करणे’ ही क्रियापदे योग्य ठरतील का?

उत्तर

आपल्या प्रश्नातील क्रियापदांचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘लेबल’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी म्हणून रुळला आहे, ‘लेबले’, ‘लेबलाचा’, ‘लेबलांवर’ ही त्याची रूपे सहज होतात, आणि औषधाच्या बाटलीपासून शाळेच्या वहीपर्यंत तो सर्वांच्या ओळखीचा आहे. तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

अडचण ‘लेबल जोडणे’ किंवा ‘लेबल लावणे’ या प्रयोगांची आहे. बाटलीला लेबल लावताना ते आधी लिहून तयार असते आणि आपण ते हाताने चिकटवतो. क्यूजीआयएसमध्ये गावे, रस्ते, शेते अशा एकेका प्रकारच्या गोष्टींचा वेगळा थर असतो आणि अशा थरामागे माहितीचा तक्ता असतो, त्यातील कोणत्या रकान्यातला मजकूर नकाशावर दिसावा एवढे आपण सांगतो, आणि नावे एकमेकांवर चढणार नाहीत अशा बेताने प्रणाली स्वतःच त्यांची मांडणी करते. नकाशाचे प्रमाण बदलले की ही मांडणी नव्याने होते आणि जागा अपुरी पडल्यास काही नावे दिसेनाशीही होतात. या क्रियेला मी ‘लेबले दाखवणे’ म्हणतो. याउलट, तक्त्याशी संबंध नसलेला, आपण स्वतः टंकलेला मजकूरही नकाशावर हव्या त्या जागी ठेवता येतो. त्याला ‘टीप’ म्हणावे, आणि टीप ‘लिहावी’.

हा भेद मला एका चुकीमुळे पटला. हवेली तालुक्याच्या एका नकाशात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द या गावांची नावे मुळात तक्त्यातच अदलाबदल होऊन पडली होती. (‘बु.’ आणि ‘खु.’ ही संक्षिप्त रूपे बारीक अक्षरांत इतकी सारखी दिसतात की ही चूक सहज होते. जागा असेल तेथे पूर्ण शब्द लिहावा असे माझे मत आहे.) मी सहकाऱ्यांना ‘वडगावची लेबले दुरुस्त करा’ असे कळवले. त्यांनी त्या दोन गावांची लेबले बंद केली आणि त्या जागी योग्य नावांच्या टिपा लिहिल्या. छापील नकाशा निर्दोष दिसला, परंतु त्याच तक्त्यावरून काढलेल्या गावांच्या यादीत चूक तशीच राहिली. माझ्या वाक्याचा त्यांनी लावलेला अर्थ पूर्णपणे शक्य होता, त्यामुळे दोष वाक्याचाच होता. ‘तक्त्यातील गावाच्या नावाची नोंद दुरुस्त करा’ असे मी लिहायला हवे होते.

‘संपादन’ या शब्दाबद्दल मी विशेष सावध राहीन. ‘संपादणे’ म्हणजे मिळवणे, आणि जमिनीच्या व्यवहारात ‘भूसंपादन’ हा शब्द पक्का रुजलेला आहे. रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनींच्या नकाशावर काम करताना ‘संपादित गटांची लेबले’ आणि ‘गटांची संपादित लेबले’ हे दोन शब्दप्रयोग एकाच पानावर आले, तर वाचणाऱ्याचा गोंधळ निश्चित होतो. ‘फेरफार’ हा एरवी चांगला मराठी शब्दही येथे चालत नाही, कारण गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेला बदल. म्हणून एकच सर्वसमावेशक क्रियापद न शोधता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगावे. मजकूर चुकला असेल तर नोंद दुरुस्त करावी, जागा गैरसोयीची असेल तर लेबल सरकवावे, अक्षरे वाचता येत नसतील तर त्यांचा आकार किंवा रंग बदलावा. लेबल हाताने सरकवले की त्याची नवी जागा सामान्यतः प्रकल्पाच्या फाइलबरोबर पूरक माहिती म्हणून साठवली जाते आणि मूळ तक्त्याला धक्का लागत नाही. नोंद दुरुस्त करणे ही मात्र तक्त्यातच होणारी क्रिया आहे, आणि हे दोन परिणाम वाचकाला वेगळे कळण्यासाठी शब्दही वेगळे हवेत.

पुरवणी प्रश्न

शाळेत आपण ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असे वाचत आलो आहोत. मग ‘नामनिर्देशन’ हा शब्द तयार असताना तो का टाळावा?

उत्तर

आकृतीच्या संदर्भात तो शब्द उत्तम आहे आणि तेथे तो राहावा. नकाशासाठी मला त्यात दोन उणिवा जाणवतात. त्यातील लहान उणीव अशी की, निवडणुकीचे नामनिर्देशनपत्र आणि बँकेतील खात्याचे नामनिर्देशन यांमुळे शाळेबाहेर या शब्दाचा अर्थ बराच सरकला आहे. मोठी उणीव अशी की, नकाशावरचे लेबल नेहमी नावच असते असे नाही. समोच्च रेषेवरचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेवरचा, 900 हा आकडा उंची सांगतो, शेताच्या तुकड्यावरचे 112/2 हा गटाचा आणि त्याच्या पोटहिश्श्याचा क्रमांक असतो, आणि पर्जन्यमापन केंद्राशेजारी त्या दिवशीचे मिलिमीटर दिसू शकतात. यांना नामनिर्देशन म्हणणे ओढूनताणून होईल, ‘नामपट्टी’ म्हणणे तर अधिकच.

लेबलात जे लिहिलेले असते त्यासाठी ‘मजकूर’ हा शब्द मात्र निःसंकोच वापरावा. तो मूळ अरबी असून त्याचा अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला आहे ते’ असा आहे; जुन्या मोडी कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘वर सांगितलेले गाव’. त्यात नाव, आकडा, क्रमांक हे सारे सामावते, म्हणून ‘लेबलाचा मजकूर कोणत्या रकान्यातून घ्यावा’ हे वाक्य गावांच्या थराला जितके लागू पडते तितकेच समोच्च रेषांच्या थरालाही.