छत्री नको, आधी बॉक्स बघा

घरच्या उपग्रह टीव्हीवर 'एचडी चॅनेल हवेत तर छत्रीसकट (म्हणजे गच्चीवरच्या डिशसकट) सगळंच बदलावं लागतं' असं कुणीतरी म्हटलंय, त्याबद्दल थोडं. छत्रीला एचडी-एसडी (एसडी म्हणजे जुनं, साध्या दर्जाचं चित्र) काही कळत नाही. उपग्रह तोच असेल तर छत्री आणि एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बहुतेक वेळा तसेच चालतात. बदलायचा तो टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स. जुना बॉक्स डीव्हीबी-एस (उपग्रह प्रक्षेपणाची जुनी पद्धत) आणि एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) यांचा असेल, तर त्याला डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीवरून येणारे एमपेग-४ चॅनेल उलगडताच येत नाहीत; मग कितीही ट्यूनिंग करा.

मात्र एचडीच्या प्रक्षेपणाला बऱ्याचदा जास्त स्वच्छ सिग्नल लागतो. त्यामुळे एसडी ठणठणीत आणि एचडीवर नुसते चौकोन, असंही होतं. तेव्हा बॉक्सच्या सिग्नल मेनूतला स्ट्रेंग्थ (सिग्नलचा जोर) नव्हे, क्वालिटीचा (स्वच्छतेचा) आकडा बघत छत्री केसभर हलवा. कनेक्टर गंजले असतील तर तेही बदला.

आणि हो, नवा बॉक्स आणून तो जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडणारे महाभाग असतात (मीही त्यातलाच, चांगले दोन महिने!). पिवळ्या वायरीतून एसडीच येतं. एचडीएमआय लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय (हा एचडीचा पर्याय) निवडलंय ना, ते बघा. काही बॉक्स ५७६वरच, म्हणजे एसडीवरच, अडून बसतात.