सूपवाले डंपलिंग खोक्यात घालून विकू नयेत

रारिटनकाठ

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात रूट २७ वर महिन्याभरापूर्वी चिनी डंपलिंगचं एक दुकान उघडलंय. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या दुकानाशी नसून आता सगळीकडे सुरू झालेल्या या पद्धतीशी आहे. दारातच दोन टचस्क्रीन आहेत. त्यांवर पदार्थ निवडायचे, कार्ड लावायचं, नंबर घ्यायचा आणि भिंतीतल्या एका खणात आपलं खोकं येऊन पडलं की उचलायचं. वाढायला कोणी नाही. बसायला खिडकीशी दहा-बारा स्टुलं. काचेमागे तीन-चार बायका डंपलिंग वळताना दिसतात आणि त्यांचे हात इतके सुरेख चालतात की माझी आई दहा मिनिटं तिथेच उभी होती.

शुक्रवारी संध्याकाळी सातला मी, नवरा आणि आई असे गेलो होतो. तव्यावर भाजलेले ग्वोत्ये घेतले, आईसाठी अंडं आणि चिनी पातीचं सारण घातलेले उकडलेले ज्याओझ घेतले आणि माझ्यासाठी सहा शाओलोंगबाओ, म्हणजे आत सूप असलेले. खण उघडला तेव्हा खोक्याच्या झाकणाला आतून पाणी सुटलं होतं. डंपलिंग एकमेकांना आणि खालच्या कागदाला चिकटले होते. पहिला उचलला तर त्याचा तळ कागदावरच राहिला आणि सगळं सूप खोक्यात. सहातले चार असेच फाटले. दहा डॉलर ९५ सेंट देऊन मी ओल्या मैद्यात गुंडाळलेले खिम्याचे गोळे खाल्ले.

यातलं सूप काही ओतून भरलेलं नसतं. डुकराची कातडी तासन्‌तास उकळून काढलेला रस थंड केला की जेलीसारखा थिजतो. तो बारीक चिरून सारणात मिसळतात, वाफेवर तो वितळतो आणि सूप होतं. पारी इतकी पातळ लाटलेली असते की ते सूप ती जेमतेम पेलते. टोपली वाफेवरून उतरली की पुढच्या पाचेक मिनिटांचाच खेळ. झाकण ठेवलं तर पारी भिजते, उघडं ठेवलं तर चुण्यांचा शेंडा वाळतो, आणि गार झालं की आतलं सूप पुन्हा दाटतं. ज्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात खोकं कधी पडेल हे दुकानदाराला सांगता येत नाही, त्याने हा पदार्थ विकू नये. ग्वोत्ये विकावेत, ज्याओझ विकावेत. ते दोन्ही त्या दिवशी उत्तम होते.

आणि स्क्रीनवर १८, २०, २२ टक्के टिप मागत होते. खोकं मीच उचललं, टेबल मीच पुसलं. ही टिप कोणाची, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

एकटा_जीव

असहमत. मी रटगर्स विद्यापीठात शिकतो आणि आठवड्यातून दोनदा तिथे जातो. बारा ज्याओझ नऊ डॉलरला येतात, सात मिनिटांत हातात मिळतात आणि पोट भरतं. त्याच रस्त्यावर टेबलावर वाढणाऱ्या चिनी हॉटेलात गेलं की एकट्या माणसाचे टिप धरून पंचवीस डॉलर होतात, शिवाय चौघांच्या टेबलावर एकटा बसलो म्हणून अवघडल्यासारखं होतं ते वेगळंच. इथे स्टुलावर पुस्तक उघडून बसलं तरी कोणी काही म्हणत नाही. एका शुक्रवारच्या गर्दीवरून अख्खी पद्धत वाईट ठरवू नका. माझ्यासारख्यांना हे दुकान उघडल्यापासून गरम आणि ताजं जेवण मिळतंय.

शाओलोंगबाओ मीही एकदा घेतले होते. एकही फाटला नाही, कारण दुपारी तीनला गेलो होतो आणि खणाच्या समोरच उभा होतो.

पोळपाट

धागाकर्तीशी पूर्ण सहमत. ज्याने चतुर्थीला मोदक केलेत त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. पंचवीस वर्षं मी उकडीचे मोदक करतेय. मोदकपात्रातून काढून लगेच केळीच्या पानावर सुटे मांडले तर कळ्या दिसतात तशाच राहतात. पहिल्या वर्षी, लांबच्या पाहुण्यांना गरम मिळावेत म्हणून मी एकवीसच्या एकवीस स्टीलच्या डब्यात भरले आणि घट्ट झाकण लावलं. अर्ध्या तासाने डबा उघडला तर आत एक लगदा. गूळ-खोबरं बाहेर, उकड तळाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डब्याच्या झाकणावरून बोट फिरवून त्याला लागलेलं पाणी मला दाखवलं. तेव्हापासून वाफेचा पदार्थ मी झाकून ठेवत नाही. ठेवावाच लागला तर झाकणाखाली सुती फडकं घालते.

बांबूची टोपली उगीच नसते. तिचं विणलेलं झाकण वाफ सोडतं आणि पाणी शोषून घेतं, त्यामुळे वरून थेंब पडत नाहीत. पत्र्याच्या नाहीतर कागदाच्या झाकणाला हे जमत नाही. एवढं साधं कळत असूनही खोकं वापरायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिभेची किंमत ठेवायची नाही.

हुआंगपूपार

शांघायला सहा वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही. धागा वाचून असं वाटतं की शाओलोंगबाओ हा पांढऱ्या टेबलक्लॉथवर निवांत खायचा पदार्थ आहे आणि या झटपट दुकानांनी तो बिघडवला. खरं याच्या उलट आहे. शांघायच्या जियादिंग भागातलं नानश्यांग हे याचं मूळ गाव समजतात, आणि पदार्थ एकोणिसाव्या शतकातला. आजही शांघायमध्ये लोक तो सकाळी कामावर जाताना खातात. गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीत द्यायची, टोपली घेऊन अनोळखी माणसाच्या टेबलावर कोपर टेकायचं आणि दहा मिनिटांत बाहेर. वाढपी तिथेही नसतो. टचस्क्रीन म्हणजे ती चिठ्ठीच. हा पदार्थ जगभर नावाजला तो दिन ताय फुंग या तैवानी हॉटेल साखळीमुळे, आणि तेही तैपेईत १९५८ साली खाद्यतेलाचं दुकान म्हणून सुरू झालं होतं. तेलाचा धंदा बसला म्हणून सत्तरच्या दशकात डंपलिंगकडे वळले. अठरा चुण्या, आखलेलं वजन, काचेमागचं स्वयंपाकघर हे सगळं नंतर आलं.

तेव्हा झटपटपणाला दोष देऊ नका. तुमचं खोकं पाच-सात मिनिटं खणात पडून होतं, हा दोष आहे. तो एका दुकानाचा आहे, पद्धतीचा नाही.

शांघायमध्ये जे लोक खरंच हातात घेऊन चालू लागतात ते शेंगजियान घेतात. तेही सूपवालेच, पण पीठ फुगवलेलं, पारी जाड, आणि मोठ्या सपाट कढईत तळ खरपूस होईपर्यंत भाजलेले, वरून तीळ आणि कांद्याची पात. मागायचे वजनावर: एक लियांग म्हणजे चार नग. तो तळ इतका कडक असतो की पिशवीत घालून दोन चौक चाललात तरी सूप आतच राहतं. बाहेर नेण्यासाठी सूपवालं काही हवंच असेल तर त्यांनी हे विकावं. मी सकाळी मेट्रोच्या दारात उभं राहून खायचो. वरून छोटा चावा, आधी सूप ओढून घ्यायचं, मग काळं व्हिनेगर. शर्टावर पहिल्या महिन्यात पडलेले डाग नंतर पडेनासे झाले.

तुळशीवृंदावन

माझा मुद्दा वेगळा आहे आणि त्या स्क्रीनच्या बाजूचा आहे. आम्ही घरात चौघंही शाकाहारी. चिनी हॉटेलात आजवर दर वेळी तोच प्रसंग: यात मांस नाही ना, मग रस्सा कशाचा, मग ऑयस्टर सॉस नाही ना. समोरचा माणूस घाईत, त्याचं इंग्रजी वेगळं, माझं वेगळं, आणि मागे रांग. तीन प्रश्नांनंतर मला अपराधी वाटायला लागतं आणि मी साधा भात मागवते. या दुकानात स्क्रीनवर प्रत्येक पदार्थाखाली सगळे घटक लिहिलेत. मी पाच मिनिटं शांतपणे वाचून मागवलं. पालकाच्या रसात भिजवलेल्या हिरव्या पारीचे, आत टोफू, गाजर, शेवया आणि मशरूम. अमेरिकेत अठरा वर्षांत पहिल्यांदा चिनी जेवण मी न घाबरता जेवले.

मात्र रारिटनकाठ यांनी ग्वोत्ये सुचवलेत, तर शाकाहारी वाचकांनी जपून. तवा एकच असतो. मी विचारलं तेव्हा मुलीने सरळ सांगितलं की भाजलेले सगळे एकाच तव्यावर होतात, उकडायचं पाणीही एकच, वाफेची टोपली मात्र वेगळी आणि शाकाहारी टोपली कायम चळतीच्या वर. तिने स्वतःहून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं. म्हणून आम्ही वाफवलेलेच घेतो.

रारिटनकाठ

हुआंगपूपार, तुमचं वाचून माझं एक वाक्य मागे घेते. मी "पद्धतीशी भांडण" म्हटलं ते चुकलं. उभ्याने, घाईत, चिठ्ठी देऊन खाणं हेच जर मूळचं असेल तर माझी तक्रार घाईबद्दल असूच शकत नाही. पण तुमच्या त्या खिडकीतून टोपली मिळते, खोकं नाही. आणि टोपली हातात देणारा माणूस असतो. इथे वळणाऱ्या बाईच्या हातापासून माझ्या हातापर्यंत मध्ये एक बंद खण आहे आणि त्यात किती वेळ गेला हे कोणी बघत नाही. हे दुकानाचं दुर्लक्ष नसून ती मांडणीच तशी आहे, असं मला अजूनही वाटतं.

एकटा_जीव, तुमचे नऊ डॉलरचे ज्याओझ कोणी काढून घेऊ नयेत. मीही तेच म्हणतेय, ते ठेवा.

पूर्वी_मोरीवर

एमएस करताना दोन वर्षं एका चिनी हॉटेलात भांडी घासली, म्हणून खोक्यामागचा हिशेब सांगतो. बांबूच्या टोपल्या यंत्रात धुता येत नाहीत. हाताने घासायच्या, साबण लावला तर वास राहतो, आणि रात्री पूर्ण वाळल्या नाहीत तर बुरशी धरते. शुक्रवारी रात्री दीडशे टोपल्या म्हणजे मोरीवर एक माणूस फक्त त्यासाठी. न्यू जर्सीत २०२५ साली किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. खोकं वापरलं की तो माणूस वाचतो. तुमचे डंपलिंग अकरा डॉलरला मिळतात ते याच्या जिवावर.

टिपबद्दल. टेबलावर वाढणाऱ्याला मालक रोख पगार कमी देऊ शकतो, त्याच वर्षी इथे ५.६२ डॉलर, आणि टिप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा. म्हणजे तिथली टिप हा त्याचा पगारच आहे. खणाच्या दुकानात तसं असेलच असं नाही, म्हणून विचारायला लाजू नका. मी विचारतो. वळणाऱ्या बायकांपर्यंत पोचते असं कळलं तर देतो, कारण मनगटं काय दुखतात ते मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे एक आजी होत्या, फूजियानच्या. संध्याकाळी कामावरून निघताना गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही हात बुडवून बसायच्या.

२००६ च्या सुमाराला मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये एल्ड्रिज स्ट्रीटवर डॉलरला चार-पाच भाजलेले डंपलिंग मिळायचे. खोक्यातच. आम्ही बाहेर पायरीवर बसून खायचो आणि ते अगदी छान लागायचे. म्हणजे खोकं आपोआप वाईट नाही. त्यात काय घालता ते महत्त्वाचं, इथे धागाकर्ती बरोबर आहेत.

आणि एक. २०१९ च्या कायद्याने न्यू जर्सीत दुकानदाराला रोख नाकारता येत नाही, त्यामुळे स्क्रीनच्या पलीकडे रोख घ्यायला गल्ल्यावर सहसा माणूस असतो. जे हवं ते त्याला सांगा.

पोळपाट

पूर्वी_मोरीवर, मनगटाचं वाचून मी थांबले. जिभेची किंमत वगैरे लिहिलं तेव्हा टोपली घासणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तरी त्या कागदी झाकणाला चार भोकं पाडायला एका पैशाचाही खर्च नाही. तेवढं त्यांनी करावं.

रारिटनकाठ

काल, मंगळवारी दुपारी साडेचारला, आईला घेऊन पुन्हा गेले. स्क्रीनकडे न जाता गल्ल्यावर गेलो. आईने तिच्या बटव्यातल्या नोटा दिल्या. मी मुलीला म्हटलं, इथेच खाणार आहोत, शाओलोंगबाओ टोपलीतच मिळतील का? ती आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, गर्दी नसेल तेव्हा देतो. पाच वाजायच्या आत टोपली समोर. खाली कोबीचं पान, वर सहाही डंपलिंग उभे. उचलल्यावर बुड पिशवीसारखं लोंबतं म्हणजे आत सूप शाबूत. एकही फुटला नाही. आई डुक्कर खात नाही, पण तिने एक हातात घेऊन चुण्या मोजल्या. सतरा भरल्या. मग काचेपाशी जाऊन वळणाऱ्या बाईंना ती सतराचा आकडा बोटांनी दाखवून आली, आणि त्या बाईंनी पुढचा एक वळून वर धरून दाखवला.

टिप कुठे जाते तेही विचारलं. आतले-बाहेरचे सगळे वाटून घेतात म्हणाली. मी दिली.

शुक्रवारी सातला मात्र मी तिथे शाओलोंगबाओ घेणार नाही, आणि त्या वेळेला त्यांनी ते स्क्रीनवरून काढून ठेवावेत हे मी त्या मुलीलाही सांगितलं. झाकणाच्या भोकांचंही सांगितलं. तिने लिहून घेतलं.

एकटा_जीव

टोपली मागता येते हे मला माहीतच नव्हतं. गुरुवारी साडेतीनला लेक्चर संपतं, तेव्हा जातो. शुक्रवारी माझे रूममेट्स जाणार आहेत, त्यांना खणासमोरून हलू नका म्हणून सांगतो.