डिस्क १०० टक्के भरलेली दिसते, पण फाइली सापडत नाहीत (उबुंटू सर्व्हर) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या व्याख्यानमालेच्या प्रवेशिका देणारं छोटं ॲप आहे. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पुढे एनजिनएक्स वेब सर्व्हर, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. सगळं भाड्याच्या एकाच व्हर्च्युअल मशीनवर. उबुंटू २२.०४, डिस्क २५ जीबी. सकाळपासून पानं उघडतात, पण फॉर्म सेव्ह करायला गेलं की ५०० एरर.

एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत जाता येतं. लॉगमध्ये एकच रड: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. फाइलचं नाव पूर्ण करायला नुसती टॅब दाबली तरी बॅश (कमांड लिहायचं शेल) तेच ऐकवतं, कारण त्यालाही टेम्प फाइल बनवता येत नाही.

डिस्कची जागा दाखवणारं 'डीएफ -एच' म्हणतं रूट (मुख्य फाइलसिस्टिम) १०० टक्के. फाइली मोजणाऱ्या 'सुडो डीयू -एक्सएच'ची बेरीज मात्र जेमतेम ११ जीबी. 'डीएफ -आय'मध्ये आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) भरपूर शिल्लक. जर्नल (सिस्टिमचा लॉग) छाटला, पॅकेज बसवणाऱ्या एपीटीचा कॅश उडवला. मोकळी झालेली जागा बघता बघता परत गायब. जुने लॉग रोज रात्री आरएम (डिलीट) करणारा क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) व्यवस्थित चालतोय.

रीबूट मारा म्हणाल, पण पावत्या ईमेल करणारी पायथन स्क्रिप्ट रांग मेमरीतच ठेवते. आधीच्या डेव्हलपरने नोहपने (लॉगआउटनंतरही चालू राहील अशी) सोडून दिलेली आहे. पैसे भरलेल्या लोकांच्या पावत्या तिच्यात अडकल्यात, त्यामुळे ती मारायची नाहीये.

रात्रपाळी: व्यवस्थित चालणारा तो क्रॉनच मला संशयास्पद वाटतोय. आरएमने फाइलचं फक्त नाव जातं. एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरली असेल तर ब्लॉक सुटत नाहीत आणि लिहिणंही चालूच राहतं. डीयू नावं धरून मोजतं, त्याला ती दिसणार कुठून? डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं, म्हणून हा फरक. 'सुडो एलएसओएफ +एल१' चालवा, नाव पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली दिसतील.

कोकणकडा: +१. आणि जागेसाठी पोस्टग्रेसच्या पीजी_वॉल फोल्डरला हात लावू नका. नाव काहीही वाटो, तो फेकायचा लॉग नव्हे. तो उडवलात तर डेटाबेस उठणार नाही.

धागाकर्ता: सापडलं! पायथन३, म्हणजे पावत्यांचीच स्क्रिप्ट, डिस्क्रिप्टर १डब्ल्यू आणि २डब्ल्यू (नेहमीचं आउटपुट आणि एरर), दोन्हीकडे एकच फाइल, १३ जीबी, शेवटी 'डिलीटेड'. प्रोसेस न मारता रिकामी कशी करू?

रात्रपाळी: आधी 'सुडो टेल /प्रॉक/<पीआयडी>/एफडी/१' (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर) करून आत काय आहे ते बघा. कामाचं असेल तर जीझिपमधून पाइप करून एसएसएचवरूनच लॅपटॉपवर ओढा, सर्व्हरवर कॉपी ठेवायला जागा नाहीच. मग फाइल शून्यावर आणायला 'सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/<पीआयडी>/एफडी/१'.

एक गंमत होईल, घाबरू नका. नोहपची ओळ >> (शेवटी जोडत जाणं) ऐवजी एकाच > ने लिहिली असेल, तर प्रोसेसची लिहायची जागा १३ जीबीच्या टप्प्यावरच राहते. पुढची ओळ तिथेच पडते आणि एलएसओएफमध्ये फाइल परत १३ जीबीची दिसते. पण ती आतून पोकळ असते, डिस्कवर तेवढी जागा घेत नाही. डीएफवर विश्वास ठेवा.

धागाकर्ता: टेलमध्ये नुसता बेस६४चा (फाइली अक्षरांत बदलून लिहिल्याचा) चिखल निघाला. एसएमटीपीचं (मेल पाठवण्याचं) डीबग चालू ठेवलंय, म्हणजे प्रत्येक पावतीची पीडीएफ अख्खीच्या अख्खी लॉगमध्ये!

ट्रंकेट केलं. डीएफ निम्म्याच्या खाली, फॉर्म सेव्ह होतायत, आणि एक > असल्यामुळे १३ जीबीचं भूतही दिसलं. पावत्याही जायला लागल्या; लॉग लिहिता येत नव्हता म्हणून प्रत्येक मेल अर्ध्यात पडत होता बहुतेक.

रांग संपली की डीबग बंद करून स्क्रिप्ट सिस्टिमडीखाली (सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) टाकतो आणि तो क्रॉन काढतो. पण रांग संपली हे कळणार कसं? चालू पायथन प्रोसेसच्या आत बाहेरून डोकावता येतं का?

कोकणकडा: येतं, पाय-स्पाय टाका, ते चालू पायथन प्रोसेसच्या आत बघतं. 'सुडो पाय-स्पाय डंप --लोकल्स --पीआयडी <पीआयडी>' केलंत की फंक्शनमधले लोकल व्हेरिएबल दिसतील. रांग ग्लोबल असेल तर मात्र यात दिसणार नाही. स्क्रिप्टचा तेवढा भाग इथे चिकटवा, पासवर्ड काढून.