सभागृहातील अपशब्दांना कायदा लागू होतो का?

प्रश्न : सभागृहात एखाद्या सदस्याने दुसऱ्याला उद्देशून अपमानास्पद शब्द वापरला की अध्यक्ष तो कामकाजातून वगळतात, परंतु थेट प्रक्षेपणामुळे तो असंख्य लोकांनी आधीच ऐकलेला असतो. अशा वेळी अपमानित व्यक्तीला न्यायालयात दाद मागता येते का?

प्रतिसाद १ : नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ नुसार संसदेत आणि अनुच्छेद १९४ नुसार राज्य विधिमंडळात केलेल्या वक्तव्याबद्दल सदस्यावर न्यायालयीन कारवाई होऊ शकत नाही. लोकसभेच्या नियम ३८० खाली बदनामीकारक, असभ्य किंवा असंसदीय शब्द वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. तेच शब्द जाहीर सभेत उच्चारले तर मात्र हे संरक्षण राहत नाही आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ अन्वये बदनामीची तक्रार करता येते.

प्रतिसाद २ : हे संरक्षण मला आवश्यक वाटते, कारण खटल्याच्या भीतीने सदस्य गप्प बसले तर सत्तेला प्रश्न विचारणार कोण? माझा आक्षेप वेगळा आहे. ‘तुम्ही दिलेला आकडा चुकीचा आहे’ असे म्हटले की समोरच्याला पुरावा द्यावा लागतो; ‘तुम्ही खोटारडे आहात’ असे म्हटले की चर्चा आकड्यावरून माणसावर घसरते आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. जात, लिंग किंवा अपंगत्वावरून केलेली हेटाळणी तर त्याहून गंभीर आहे, कारण ती सभागृहाबाहेरच्या संपूर्ण समूहाला लागते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सभागृह आणि जाहीर सभा यांतील हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.