सहातल्या दोन पॅनलवर टाकीची सावली: एकच स्ट्रिंग की दोन?

वडगावकर

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचं घर. स्लॅबवर ५४० वॅटचे सहा पॅनल बसवायचं ठरलंय, हेस्कॉमच्या (इथली वीज कंपनी) नेट मीटरवर, म्हणजे जादा वीज कंपनीला जाऊन बिलात वजा होते तसा. आग्नेय कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, कट्ट्यासकट पॅनलच्या खालच्या कडेपेक्षा पाच फूट वर जाते. मे महिन्यात माप घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "सावली कुठं पडायलीय? सहाही सिरीजमध्ये, म्हणजे एकाच साखळीत (स्ट्रिंगमध्ये) जोडू, आत डायोड असतोय." दुसरा म्हणतो, मायक्रो इन्व्हर्टरशिवाय (प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर) जमायचं नाही. त्याचा दर ऐकून घरातले गप्पच झाले. वायरिंग कसं करून घेऊ?

खानापूरचा वायरमन

मे महिन्यातली सावली बघून काम ठरवू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि तिथनं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेला कललेला. डिसेंबरात तोच डोक्यावरनं ३९ अंश दक्षिणेला उतरतो. तुमच्या पाच फुटांची सावली तेव्हा दुपारी चार फूट पडणार, आणि सकाळी साडेनऊला आठ फूट, वायव्येकडं, म्हणजे थेट पॅनलवर. पावसाळ्यात ढगच इतके की ठळक सावली कुठली पडायला? चोख ऊन पाऊस सरल्यावर मिळतं, आणि सावल्याही तेव्हाच लांबतात. म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता डायोड. सिरीजमध्ये सगळ्या पॅनलमधून एकच करंट जातो. मळणीच्या पातीत एक बैल लंगडला की सगळी पात त्याच्या चालीनं फिरते. डायोड त्या बैलाला पातीतनं सोडवतो, म्हणजे करंट सावलीतल्या भागाला वळसा घालून जातो, पण त्या भागाचं कामही गेलंच. नेहमीच्या पॅनलमध्ये तीन डायोड असतात, एकेक डायोड एक तृतीयांश भाग सांभाळतो. हे भाग पॅनलच्या लांबीच्या दिशेनं असतात. पॅनल उभा बसवला आणि खालच्या कडेला सावलीची पट्टी आली, तर तिन्ही भाग सापडतात. तोच आडवा बसवला तर एकच भाग जातो, दोन चालू राहतात.

"हाफ कट (वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा चालणारा पॅनल) घेतला की अर्धी वीज मिळतेच" असं दुकानात सांगतात. एकटा पॅनल असेल तर खरं आहे. पण उन्हातल्या चार पॅनलबरोबर सिरीजमध्ये असेल, तर अर्धा करंट देणारा तो पॅनल सगळ्यांना मागं ओढतो, नाहीतर डायोडमुळं पुरता बाजूला पडतो. म्हणून सारखी सावली खाणारे पॅनल एका स्ट्रिंगमध्ये ठेवायचे, उन्हातले दुसऱ्या. दोन एमपीपीटीचा (स्ट्रिंगमधनं जास्तीत जास्त वीज काढणारा इन्व्हर्टरमधला भाग) इन्व्हर्टर घ्या, प्रत्येक स्ट्रिंग वेगळ्या एमपीपीटीवर.

पण वायरला हात लावायच्या आधी टाकी उत्तरेच्या कडेला नेता येते का बघा. तिथं जूनमध्येसुद्धा दुपारची सावली फूटभराच्या आत राहते. पाइप फिरवायचा खर्च मायक्रो इन्व्हर्टरपेक्षा कमीच यावा.

निपाणी_शेतघर

आमच्या शेतातल्या खोलीवर बॅटरीचं सोलार आहे, बांधावर नारळ. तिथं दोन पॅनल पॅरलल केलेत. एकावर झावळीची सावली आली तरी दुसरा आपला करंट देत राहतो. मात्र पॅरललला व्होल्टेज तेवढंच राहून करंट दुप्पट होतो, आणि तेवढ्याच वायरमधलं नुकसान चौपट. बॅटरीपर्यंतची वायर जाड घ्या, अंतर कमी ठेवा. पॅरललमध्ये तीन किंवा जास्त फांद्या असतील तर प्रत्येकीला फ्यूज हवाच.

वडगावकर

टाकी हलवायला वडील तयार नाहीत. मग सावलीतले दोन एकीकडं, उरलेले चार दुसरीकडं, असं करू?

खानापूरचा वायरमन

चार-दोन कागदावर बरोबर दिसतं, पण दोन पॅनलचे मिळून ८० व्होल्टच्या आसपास होतात, उन्हाच्या तापात त्याहून कमी. पुष्कळ इन्व्हर्टर तेवढ्यावर सुरूच होत नाहीत. डेटाशीटवर एमपीपीटीचं किमान व्होल्टेज आणि सुरू व्हायचं व्होल्टेज, दोन्ही वाचा. बसत असेल तर चार-दोन करा. नसेल तर तीन-तीन, दोन्ही सावलीतले एकाच तीनमध्ये, आणि तेवढे पॅनल आडवे. तेही जमत नसेल तर सहाही एका स्ट्रिंगमध्ये ठेवून फक्त त्या दोघांना ऑप्टिमायझर (एकेका पॅनलला लावायचा, त्याचा करंट जुळवून घेणारा डबा), पण तो असा मोजक्याच पॅनलना चालतो का ते बनवणाऱ्याकडनं लिहून घ्या. स्टँड फूट-दीडफूट उंच करून मिळाला तर टाकीची सावली त्या प्रमाणात आखडते. वारा धरतो म्हणून स्टँडचे पाय स्लॅबला भक्कम बसवून घ्या.