चिनी अक्षरांतला ‘हात’: सरावासाठी काय घेऊ? (बजेट ५०० रुपये)

शर्वरी_सोलापूर
नमस्कार मंडळी. वर्षभर घरूनच चिनी शिकतेय. इथे चिनी अक्षरं टाकली की माझ्या फोनवर नुसते चौकोन दिसतात, म्हणून उच्चार लिहून वर्णन करते.

अडचण आहे डावीकडच्या हाताची, म्हणजे थी-शौ-फांगची (‘हात’ अर्थाचा, अक्षराच्या डाव्या बाजूला येणारा भाग). रेघा तीनच. एक आखूड आडवी, मग खाली गळ असलेली उभी, मग डावीकडून वर उचललेली तिरकी. ता (मारणे), चाओ (शोधणे), ला (ओढणे), थ्वेइ (ढकलणे), पाओ (कवेत घेणे), सगळ्यांत हाच हात. वाचताना ओळखते, पण लिहायला बसले की एकातलं दुसऱ्यात जातं. काल ‘चाओ’च्या जागी चक्क ‘वो’ (मी) लिहिलं.

५०० रुपयांच्या आत काय घ्यावं? सरावाची वही, कार्डं की पाण्याने लिहायचं कापड? क्लास नको, लेक सहा वर्षांची आहे, संध्याकाळी बाहेर पडता येत नाही.

यीवूकर
ताई, एकदाच काय तो खर्च करा. मी पेनवाला टॅब घेतला, ३४ हजारांना. रेघांचा क्रम चुकला की अॅप तिथल्या तिथे अडवतं.

मी मालासाठी वर्षातून दोनदा चीनमधल्या यीवू शहराच्या बाजारात जातो. पहिल्याच फेरीत एका गाळ्यावर पाटी होती: ‘ता’, मग ८, मग ‘च’. मला वाटलं ८० टक्के सूट. चाळीस पिशव्या बाजूला काढून ठेवल्या. हिशेबाच्या वेळी कळलं की किमतीचे आठ दशांश आपण द्यायचे असतात, सूट २० टक्केच. ‘ता’ला हात, ‘च’ (मोडणे) लाही हात. तेव्हापासून हात दिसला की थांबून वाचतो.

चिंतामणी_वाई
तयार कार्डं अजिबात घेऊ नका. मी ९०० रुपये घातले. खांग्शी या जुन्या चिनी शब्दकोशातली (१७१६) २१४ मूळ अंगं, म्हणजे अक्षरांची वर्गवारी ज्यांवरून होते ते भाग, एकेका कार्डावर छापलीत. हात त्यात ६४वा, पण मोठ्या अक्षरात चार रेघांचा पूर्ण ‘शौ’ (हात). तुम्हाला हवा तो तीन रेघांचा कोपऱ्यात मुंगीएवढा. कासव २१३ आणि बासरी २१४, ही दोन कार्डं वर्षभरात एकदाही लागली नाहीत.

मधुरा_चिपळूण
आणि कापडही नको. आमच्याकडे पावसाळ्यात ते वाळतच नाही, घडीच्या रेषेवर बुरशी धरली. उन्हाळ्यात दोन मिनिटांत अक्षर उडून जातं. आज काय चुकलं ते उद्या बघायला शिल्लकच राहत नाही.

फोंडेकार
मधुराताईंना +१. कापड नको. कार्डंही नकोत.
एक दुरुस्ती: ‘ता’ नव्हे, ‘दा’. पिनयिनमध्ये (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) डी आहे.

उच्चारवेडा
फोंडेकार, रोमन डी पाहून ‘द’ म्हणायचा नसतो. पिनयिनचा डी आपल्या त-ट च्या जवळचा आणि टी म्हणजे थ-ठ. तसंच बी म्हणजे प, पी म्हणजे फ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. आपल्या वर्णमालेत हा फरक पहिल्यापासून आहे, मराठी माणसाला ही आयती देणगी मिळालीय. ‘पाओ’ आणि ‘फाओ’ आपण सहज वेगळे म्हणतो. ती देणगी रोमन स्पेलिंगपायी घालवू नका. शर्वरीताईंनी लिहिलंय तेच बरोबर.

फोंडेकार
माझ्या पुस्तकाच्या सीडीवर मला ‘दा’च ऐकू येतं.

अक्षरशाळा_नाशिक
विषयावर येऊ या. मी सात वर्षं चिनी शिकवतेय.

हात फक्त एवढंच सांगतो की काम हाताने होणारं आहे. ओळख उजवीकडून पटते, आणि बऱ्याचदा उच्चारही तिथेच असतो. म्हणून हाताची सगळी अक्षरं एका रांगेत घोकू नका. उजवी बाजू धरून ठेवा आणि डावी बदला. ‘पाओ’ म्हणजे गुंडाळणे. त्याला हात लावला की कवेत घेणे, पाओ. अन्न लावलं की पोट भरलेलं, पाओ. पाय लावला की पळणे, फाओ. पाणी लावलं की भिजवणे, फाओ. सूर (आवाजाचा चढउतार) वेगवेगळे, पण घराणं एक. ही चार शेजारी शेजारी लिहिलीत की हात आपोआप वेगळा उठून दिसतो.

आता तुमचं चाओ आणि वो. दोन्ही सात रेघांची. चाओमध्ये हात वेगळा, भाला वेगळा, मधे फट. वोमध्ये आडवी रेघ एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते आणि डोक्यावर छोटी तिरकी रेघ असते. ‘हातात भाला घेतलेला तो मी’ अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, ती सोडून द्या. ते अक्षर मुळात दातेरी शस्त्राचं चित्र आहे, त्यात हात नाहीच.

दुसरी जोडी ‘च’ (मोडणे) आणि ‘छाय’ (पाडून टाकणे). हात अधिक कुऱ्हाड म्हणजे च. कुऱ्हाडीवर एक ठिपका वाढला की छाय. चिनी शहरांत पाडायच्या घरांच्या भिंतीवर वर्तुळात रंगवलेलं असतं ते हेच.

खरेदी म्हणाल तर गणिताची चौकोनी वही, ४० रुपये. चार चौकोन मिळून एक घर धरा. चिनी मुलांच्या वहीतलं ‘शेता’चं घर (‘शेत’ या अक्षराच्या आकाराचं) असंच असतं. हात डावीकडच्या एक तृतीयांश जागेत बसवा, त्याहून रुंद नको.

यीवूकर
टॅब हप्त्यांवरही मिळतो.

जुना_प्रवासी
सोलापूरच्या आहात म्हणून लिहितो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुमच्या गावचे. १९३८ ला चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव ख-ती-ह्वा. पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डावीकडे झाड आहे. मी कितीतरी दिवस तिथे हात वाचत होतो. झाडाला दोन्हीकडे उतरत्या फांद्या असतात, हाताला बुडाशी गळ आणि वर जाणारी रेघ. या नावापासून सुरुवात करा, ते कायमचं लक्षात राहील.

चिंतामणी_वाई
हात डावीकडेच असतो असंही नाही. ‘खान’ (बघणे) मध्ये डोळ्यावर आडवा हात आहे, उन्हात बांधावर उभं राहून लांब बघावं तसा. ‘ना’ (घेणे) मध्ये तो तळाशी असतो. दोन्हीकडे पूर्ण चार रेघांचा. म्हणजे माझं ते कार्ड अगदीच वाया गेलं नाही.

शर्वरी_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताई, पाओचं घराणं रात्रीच लिहून काढलं. फट ठेवून चाओ वीस वेळा लिहिलं, एकदाही वो झालं नाही. कोटणीसांचं नाव फ्रिजवर लावलंय.

पण मागवलं कापडच, ३६० रुपयांना. वहीत चूक डोळ्यांसमोर राहिली की माझा हात आखडतो, पुढचं अक्षर मोकळं येत नाही. पाण्याने लिहिलेलं उडून जातं तेच मला हवंय. शिवाय लेकीला कुंचला मिळेल, दोघी एकत्र बसू. सोलापुरात बुरशीची भीती तुमच्याइतकी नाही, मधुराताई.

मधुरा_चिपळूण
मग निदान घडी घालू नका. जुन्या कॅलेंडरच्या नळीवर गुंडाळून ठेवा आणि आधी पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. माझं घडीवरच खराब झालं.