मदत हवी आहे: नाशिकहून चर्चच्या मंडळीसोबत पहिल्यांदाच परदेशी सेवाकार्याला (मोम्बासा, केनिया)

नमस्कार. मी नाशिकला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तरुण संघातले आठ जण आणि पाळकसाहेब, असे आम्ही नाताळ झाला की पंधरा दिवसांसाठी मोम्बासाला निघतोय. तिथल्या एका मंडळीच्या शाळेत मुलांची सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची, दोन वर्गखोल्या रंगवायच्या आणि रविवारी उपासनेत साक्ष द्यायची (म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल चार शब्द बोलायचे), असं ठरलंय. आमच्या घरातलं आजवर कोणी विमानात बसलेलं नाही, त्यामुळे घरी विचारायची सोय नाही. इथे कोणी चर्चतर्फे किंवा कामासाठी केनियाला जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

पासपोर्ट हातात आलाय. केनियाने २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए (प्रवासाआधी घ्यायची इलेक्ट्रॉनिक परवानगी) सुरू केलंय, ते ऑनलाइन काढायचं आहे आणि तिथेच अडलंय. तिकीट काढून देणारे एजंट म्हणाले, "सगळ्यांनी फिरायला जातोय असंच लिहा, जास्त खोलात शिरू नका." मला हे अजिबात पटलेलं नाही. प्रभूच्या कामाला निघायचं आणि पहिल्याच कागदावर खोटं लिहायचं? पाळकसाहेबांनाही ते नकोय. मंडळीच्या कामाला गेलेल्यांनी प्रवासाचं कारण काय लिहिलं, आणि तिथल्या मंडळीचं निमंत्रणपत्र जोडलं का?

दुसरं, पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतताना तिचा दाखला मागतात, नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. म्हणजे परीक्षा संपल्यावर बघू म्हणून चालणार नाही. आमच्यातल्या एकीला अंड्याची ॲलर्जी आहे आणि या लशीत ते बघावं लागतं, म्हणून तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलंय. हिवतापाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारणार आहोत.

आईने आत्तापासून बांधाबांध सुरू केलीय. काल घरी आले तर ओट्यावर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, सगळं पातळ कॅरीबॅगमध्ये भरून, गाठी मारून, वर चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेलं. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, विमानतळावरच काढून ठेवायला लावतात. सांगितल्यावर ती काही बोलली नाही. रात्री जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवायला बसली. खाण्याचे पदार्थ नेऊ देतात का, तेही सांगा, म्हणजे तिची मेहनत फुकट जायला नको.

आता जे खरं विचारायचंय ते.

मी नाशिकच्या शरणपूर भागात वाढले. आजी लहानपणी सांगायची, "आपल्या इथं हबशी पोरं शिकायला होती, मग ती परत आपल्या मुलखाला गेली." मला ती गोष्टच वाटायची. मोम्बासाचं ठरल्यावर वाचायला लागले तर सगळं खरं निघालं. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवत, त्यांतली कितीतरी शरणपूरच्या मिशनमध्ये राहून शिकली. सुतारकाम, लोहारकामही शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मृतदेहासोबत थेट लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत खांदेकऱ्यांमध्ये होता. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, शरणपूर वसवणाऱ्या मिशनरी प्राइससाहेबांनी मोम्बासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेरे टाउन ही वस्ती उभी केली. इथे शिकलेले लोक तिथे जाऊन राहिले, शिकवू लागले. तिथली घंटा अजून आहे म्हणतात, त्या जागेचं नावच केंगेलेनी. स्वाहिली भाषेत 'केंगेले' म्हणजे घंटा.

हे वाचल्यापासून माझ्या साक्षेचा कागद तसाच पडलाय. आधी लिहिलं होतं, "आम्ही तुमच्यासाठी सुवार्ता घेऊन आलो आहोत." ते वाक्य मी खोडलं. त्या गावाला नाशिकहून गेलेल्या माणसांनी दीडशे वर्षांपूर्वी प्रार्थना शिकवल्या, आणि तिथली मंडळी आज आमच्या मंडळीच्या कितीतरी पट मोठी असेल. मला तिथे सोयऱ्यांकडे जावं तसं जायचंय. पण हे दहा मिनिटांत, दुभाष्यामार्फत, कसं बोलायचं? गुलामगिरीचा विषय पाहुणीने काढलेला त्यांना चालेल का, की तो त्यांनीच काढायची वाट बघावी? किनारपट्टीवर राहिलेल्या कोणाला अंदाज असेल तर जरूर लिहा.

स्वाहिली रोज अर्धा तास शिकतेय. चाय, चपाती आपलेच. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पुस्तकाला 'किताबू'. मुलांची नावं विचारण्यापुरतं येतंय. संडे स्कूलमध्ये घेता येतील असे सोपे स्वाहिली खेळ माहीत असतील तर सुचवा.

पैशांचं थोडक्यात: निम्मे जमलेत. पप्पा कर्ज काढतो म्हणतात, ते मला नकोय. मंडळीत हात पसरायला संकोच वाटतो, म्हणून नाताळात आम्ही करंज्या आणि केक करून विकणार आहोत. याहून बरा मार्ग कोणी केला असेल तर सांगा.

सगळ्यांत आधी लशीचं उत्तर हवंय. त्यासाठी पुण्याला जावं की मुंबईला, नाव आधी नोंदवावं लागतं का, आणि आठ जणांना एकाच दिवशी देतात का? येत्या गुरुवारी कॉलेजला सुट्टी आहे, जमलं तर त्याच दिवशी निघू.